दिवाळी अंकाच्या शीर्षकांसाठी जाड-बारीक वळणाचा देखणा देवनागरी टाइप कोणता?

मांडणीकार, नौपाडा

नमस्कार. ठाण्यातून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाच्या मांडणीचे काम सध्या माझ्याकडे आहे. यंदाचा अंक ठाण्याच्या खाडीवर आहे. मिठागरे, रोहित पक्षी, कोळीवाडे आणि शिलाहारकाळातील ठाणे अशा विषयांवर त्यात दीर्घ लेख आहेत, आणि प्रत्येक लेखाच्या आरंभी उजवे पान छायाचित्राला व डावे पान शीर्षकाला द्यायचे, असे संपादक मंडळाने ठरवले आहे. डाव्या पानावर शीर्षक, त्याखाली दोन ओळींचे उपशीर्षक आणि लेखकाचे नाव एवढेच असेल. बाकीचे पान कोरे राहील. इतक्या मोकळ्या जागेत अक्षराला दुसरा कसलाच आधार नसतो, त्यामुळे ते स्वतःच देखणे असायला हवे.

फॅशन आणि वास्तुकलेच्या इंग्रजी नियतकालिकांत दिदो किंवा बोदोनी वळणाची शीर्षके असतात, ज्यांत उभ्या रेषा भरदार आणि आडव्या रेषा अगदी नाजूक असतात. तो डौल मला मराठी शीर्षकांत आणायचा आहे. मात्र आजवर पाहिलेल्या देवनागरी फाँटपैकी बरेचसे मुक्तासारखे जवळजवळ समान जाडीच्या रेषांचे आहेत, आणि उरलेले मजकुरासाठी बेतलेले असल्यामुळे ६० पॉइंटला नेले की बोजड दिसू लागतात. अंकात काही ठिकाणी रोमन अक्षरेही येणार आहेत, तेव्हा दोन्ही लिप्या शेजारी शोभल्या पाहिजेत. निवडीच्या वेळी नेमके काय तपासावे आणि कोणते फाँट विचारात घ्यावेत, हे जाणकारांनी सविस्तर सांगितले तर फार मदत होईल.

अक्षरवळण, ऐरोली

आपण मागितलेला डौल देवनागरीत नक्कीच आहे, पण तो दिदोच्या वाटेने येत नाही. फाँटच्या याद्या चाळण्यापूर्वी हे का, ते समजून घेतलेले बरे.

रोमन अक्षरातील जाड-बारीकपणा मुळात रुंद टोकाच्या लेखणीतून आलेला आहे. त्या लेखणीने वरून डावीकडून खाली उजवीकडे ओढलेली तिरपी रेघ जाड उमटते आणि उलट दिशेची रेघ बारीक. देवनागरीचा बोरू उलट्या तिरक्या काट्याचा असतो, त्यामुळे आपल्याकडे नेमके उलटे घडते. उजवीकडून डावीकडे खाली उतरणारी रेघ भरते आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी निमुळती होते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की बोरूचा काटा साधारण पंचेचाळीस अंशांत धरला की शिरोरेषा आणि काना यांची जाडी जवळपास सारखी येते. म्हणजे देवनागरीत जाड-बारीकपणाचा सगळा खेळ वळणांत, गाठींत आणि तिरप्या रेषांत चालतो. उभ्या व आडव्या रेषा त्याला शांतपणे धरून ठेवतात.

दिदो आणि बोदोनी या युरोपीय टाइपकारांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हा लेखणीचा तिरकेपणाच काढून टाकला. जाडी सरळ उभ्या रेषांना दिली आणि आडव्या रेषा टोकाच्या बारीक केल्या. रोमनमध्ये हे शोभले, कारण तेथे शब्दाला बांधणारी अखंड आडवी रेषाच नाही. हाच नियम जसाच्या तसा देवनागरीला लावला, तर पहिला घाव शिरोरेषेवर पडतो. शिरोरेषा दोऱ्याएवढी होते, काने खांबांसारखे जाड होतात, आणि वाचकाला शब्दाऐवजी उभ्या खांबांची रांग दिसते. ज्या मराठी शब्दात काना, दुसरी वेलांटी आणि ओकार एकापाठोपाठ येतात, तेथे हा दोष फार बोचतो. आपल्या शिलाहारकाळावरील लेखासाठी ‘शिलाहारांचे ठाणे’ असे शीर्षक घ्या. त्यात वेलांटीचा दंड आणि काने मोजून पाहा. या सगळ्यांना समान आणि भरमसाट जाडी दिली, की मधली ‘ह’ आणि ‘ठ’ यांची सुरेख वळणे नजरेआड होतात.

म्हणून माझी कसोटी अशी आहे. शीर्षकाचा देवनागरी टाइप निवडताना शिरोरेषा आणि काना यांच्या जाडीतील फरक माफक आहे का, हे आधी पाहावे. मग ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ह’, ‘झ’ ही अक्षरे पडद्यावर भरपूर मोठी करून पाहावीत. ‘ळ’च्या दोन्ही पोटांमध्ये रेष कुठे भरते व कुठे निमुळती होते, आणि ती निमुळती होताना एका ओघात होते की मध्येच तुटल्यासारखी वाटते, यावरून आरेखकाच्या हाताला बोरू ठाऊक होता की नाही हे लगेच कळते. चांगल्या टाइपमध्ये ‘ळ’ एकाच श्वासात लिहिल्यासारखा दिसतो.

आता नावे. तिरो टाइपवर्क्सचा ‘तिरो देवनागरी मराठी’ हा माझ्या मते आपल्या अंकाला सर्वांत जवळचा आहे. हिंदी, मराठी आणि संस्कृत यांसाठी त्यांनी वेगवेगळ्या आवृत्त्या केल्या आहेत, त्यामुळे मराठी वळणे मुळातच बसवलेली मिळतात. त्याचा तोंडवळा पाहिला की निर्णयसागर या जुन्या छापखान्याच्या छपाईची आठवण होते, आणि ६० पॉइंटला त्याच्या बारीक रेषा खरोखर खुलतात. त्याला जाड वजन (रेषांच्या जाडीची पायरी) नाही. सरळ आणि तिरपे अशी दोनच रूपे आहेत. ही उणीव वाटेल, पण कोऱ्या पानावर एकच शीर्षक असताना मला तरी ती जाणवत नाही. दुसरा ‘एक्झार’. याची गंमत अशी, की वजन वाढत जाते तसतसा त्याचा जाड-बारीकपणा आणि कोपऱ्यांचा धारदारपणाही वाढतो, म्हणजे हलके वजन मजकुराला आणि सर्वांत जाड वजन शीर्षकाला अशी एकाच कुटुंबात सोय होते. त्याचा स्वभाव मात्र नाजूक नसून ठसठशीत आहे. तिसरा इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’. दिदोच्या सर्वांत जवळ जाणारा हाच, आणि जाड-बारीकपणाची कमाल गाठणाराही हाच. मुखपृष्ठावरच्या एका शब्दाला तो शोभेल, पण सात-आठ शब्दांच्या शीर्षकाला मी तो वापरणार नाही.

छपाई, वागळे इस्टेट

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. त्यात छपाईची बाजू जोडतो, कारण बारीक रेषेचे भवितव्य शेवटी कागदावर ठरते.

या वळणाचा इतिहासही कागदापासूनच सुरू होतो. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल यांनी १७५७ मध्ये आपले पहिले पुस्तक छापले, तेव्हा त्यांनी अक्षरांइतकेच कष्ट कागदावर घेतले होते. जाळीच्या रेघा न उमटणारा गुळगुळीत कागद त्यांनी वापरला आणि छापलेली पाने तापवलेल्या धातूच्या पत्र्यांत दाबून घेतली. पुढे दिदो आणि बोदोनी यांना इतक्या बारीक रेषा कोरणे परवडले, कारण त्या उमटवू शकणारा कागद आणि यंत्र त्यांच्या हाताशी होते.

आता आपला हिशेब. समजा, फाँटमधील सर्वांत बारीक रेष अक्षराच्या ठरलेल्या उंचीच्या १००० भागांपैकी २० भाग आहे. ७२ पॉइंटच्या शीर्षकात ती १.४४ पॉइंट, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर भरते. तिला काहीही धोका नाही. तोच फाँट १४ पॉइंटच्या उपशीर्षकाला लावला तर ती रेष ०.२८ पॉइंट, म्हणजे जेमतेम ०.१ मिलिमीटर उरते. १० पॉइंटला ०.२ पॉइंट. ऑफसेटवर पाव पॉइंटपेक्षा बारीक रेष देऊ नये असा आमच्याकडचा साधा नियम आहे, तेव्हा शीर्षकाचा फाँट उपशीर्षकात नेऊ नका, हे पहिले सांगणे.

दुसरे, आपला कागद कोणता आहे? मॅपलिथो, म्हणजे लेप नसलेला साधा कागद, शाई पितो. त्यावर बारीक रेष काठांनी फुगते, त्यामुळे ती तुटत नाही, पण तिचा धारदारपणा जातो आणि जाड रेषांमधल्या फटी बुजतात. लेप दिलेल्या गुळगुळीत आर्ट पेपरवर शाई वर राहते, म्हणून रेष आरेखकाने काढली तशीच उमटते. छायाचित्रांची पाने आर्ट पेपरवर असतील तर शीर्षकाची पानेही त्याच फर्म्यात (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचात) घ्या.

तिसरे सांगणे सर्वांत आग्रहाचे आहे. शीर्षक फक्त काळ्या शाईत छापा. चार रंग मिसळून केलेला गडद काळा मोठ्या पट्ट्यांना ठीक असतो, पण अक्षरांना नको, कारण चार प्लेटांपैकी एक जरी किंचित सरकली तर बारीक रेषेच्या कडेला रंगाची किनार दिसते. आणि छायाचित्रावर पांढरे शीर्षक उलटे काढण्याचा मोह झाला, तर तेथे जाड-बारीक वळणाचा फाँट अजिबात वापरू नये. पांढरी बारीक रेष म्हणजे कागदाची उघडी राहिलेली फट. चारही शाया तिच्याकडे दोन्ही बाजूंनी सरकतात आणि ती बुजते. शिरोरेषा जागोजाग तुटलेले असे शीर्षक भिंगाखाली पाहिले की फार वाईट वाटते, कारण ते छपाईपूर्वी सहज टाळता आले असते.

मांडणीकार, नौपाडा

दोघांचेही मनापासून आभार. आतील पाने मॅपलिथोची आहेत, पण लेखारंभाची पाने आर्ट पेपरच्या वेगळ्या फर्म्यात घेण्याची सूचना मंडळाला लगेच पटली. तिरो आणि एक्झार या दोन्हींत ‘शिलाहारांचे ठाणे’ आणि ‘किनाऱ्यावरचे पाहुणे’ ही शीर्षके लावून पाहिली. तिरो मला अधिक शांत वाटला आणि खाडीच्या विषयाला तो जुळतो. एका गोष्टीची खात्री करून घ्यायची आहे. ‘किनाऱ्यावरचे’ यातील अर्धा र आणि श, ल यांची मराठी रूपे प्रत्येक फाँटमध्ये बरोबर येतील, असे गृहीत धरावे का?

मुद्रितशोधक, कोपरी

गृहीत धरू नये. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मजकुरात सर्वाधिक खुणा याच जागी कराव्या लागतात.

मराठीचा ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त, हे २००९ च्या शासन निर्णयानेही स्पष्ट केलेले आहे. पण देवनागरी फाँटमध्ये मूळ रूप बहुधा हिंदी वळणाचे असते आणि मराठी रूप आत पर्याय म्हणून ठेवलेले असते. मजकुराची भाषा मराठी आहे असे मांडणीच्या प्रणालीला सांगितल्याशिवाय ते रूप बाहेर येत नाही. इनडिझाइन या मांडणीच्या प्रणालीत वर्ल्ड-रेडी कंपोजर हा पर्याय निवडून मजकुराची भाषा मराठी ठेवावी लागते, आणि हे प्रत्येक परिच्छेद-शैलीत वेगळे तपासावे लागते. अन्यथा मजकुरात मराठी श आणि शीर्षकात हिंदी श, असा विसंवाद एकाच पानावर दिसतो. मोठ्या आकारात तो लपत नाही.

अर्ध्या र विषयी थोडे अधिक लिहितो. ‘किनाऱ्यावर’ या शब्दात य ला जोडलेला र बाकदार आडव्या चिन्हाने दाखवतात. ‘सूर्य’ या शब्दात तोच र रफार होऊन डोक्यावर जातो. उच्चारातला हा भेद मराठीत अर्थाचाही भेद करतो, ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हे आपण सगळेच जाणतो. जाड-बारीक वळणाच्या टाइपमध्ये हे चिन्ह आरेखकाची परीक्षा पाहते. ते फार बारीक केले तर शिरोरेषेखाली टांगलेला तंतू वाटते आणि छपाईत नाहीसे होते. फार जाड केले तर शेजारच्या य ला चिकटते. चांगल्या टाइपमध्ये त्याचा आरंभ शिरोरेषेला लागून बारीक असतो, मध्यावर ते भरते आणि य च्या दंडाकडे जाताना पुन्हा हलके होते. आपले शीर्षक ६० पॉइंटला छापून केवळ या एका चिन्हाकडे पाहा. फाँट निवडावा की नाही याचे अर्धे उत्तर तेथे मिळेल. ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’ हेही शब्द लावून पाहा, कारण काही फाँट य जवळ ते चिन्ह नीट देतात आणि ह जवळ गडबडतात.

आपण नौपाड्यातच आहात, तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन निर्णयसागर छापखान्याची जुनी पुस्तके अवश्य पाहावीत, असे सुचवतो. संस्था १८९३ पासूनची आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या त्या छापखान्याच्या खिळ्यांत देवनागरीचा जो तोल साधला गेला, तो पडद्यावर पाहून कळत नाही. शीर्षकपृष्ठावरचा मोठा टाइप आणि तळटिपांचा लहान टाइप शेजारी ठेवून पाहा. धातूच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकारासाठी ठसा वेगळा कोरावा लागे, त्यामुळे लहान अक्षरांत बारीक रेषा आपोआपच थोडी भरदार ठेवली जाई.

संकेतस्थळ मांडणी, वाशी

अंकाची डिजिटल आवृत्तीही निघणार असेल, तर दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. वर दिलेला २० भागांचा हिशेब पडद्याला लावला तर १६ पिक्सेलच्या मजकुरात बारीक रेष पिक्सेलच्या एक तृतीयांशाहूनही कमी भरते, म्हणजे साध्या पडद्यावर ती काळी न दिसता फिकट राखाडी दिसते. मोबाइलवर शीर्षकाचा आकार ४० पिक्सेलच्या खाली आणावा लागला, तर तेथे शीर्षकासाठी वेगळा, थोडा भरदार फाँट लावा. आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवा. ब्राउझरही तीच खूण पाहून मराठी श आणि ल देतो.

माझे वैयक्तिक मत असे, की पडद्यासाठी शिरोरेषा थोडी बारीक झाली तरी चालते. मोठ्या शीर्षकात त्यामुळे शब्द हलका आणि आधुनिक वाटतो.

अक्षरवळण, ऐरोली

शिरोरेषेबाबतच्या या मताशी मी सहमत होऊ शकत नाही. पाच-सहा अक्षरांच्या नावासाठी तो प्रयोग करता येतो, पण उपशीर्षकासह वाचल्या जाणाऱ्या शीर्षकात वाचकाची नजर शिरोरेषेवरूनच सरकते. तिच्यातून घेतलेला भार कान्यांकडे जातो, आणि मग मी आधी सांगितलेली खांबांची रांग उभी राहते. हलकेपणा हवा असेल तर फाँट तोच ठेवून भोवतीची जागा वाढवावी.

मुद्रितशोधकांनी आकारानुसार वेगळ्या ठशाचा जो मुद्दा मांडला, तो मला या चर्चेतला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘हार्पर्स बझार’ या फॅशन नियतकालिकासाठी १९९० च्या दशकाच्या आरंभी दिदोची जी नवी आवृत्ती तयार झाली, तिची खरी कामगिरी हीच होती. लहान, मध्यम आणि मोठ्या आकारांसाठी तिची आरेखने वेगवेगळी केली गेली, म्हणून पानभर शीर्षकातही तिची रेष बारीक राहते आणि लहान ओळीतही ती हरवत नाही. देवनागरीत अशी आकारवार कुटुंबे अजून दुर्मीळ आहेत, आणि ती व्हावीत असे मला फार वाटते. तोवर ही विभागणी आपणच करायची. शीर्षक तिरोमध्ये, आणि उपशीर्षक व मजकूर ‘मार्टेल’मध्ये ठेवा. मार्टेल हा मजकुरासाठीच केलेला देवनागरी टाइप आहे, त्याची सात वजने मिळतात आणि मॅपलिथोवर तो न बुजता उमटेल इतका भक्कम आहे. हे दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, त्यामुळे छापील अंकात वापरायला शुल्क नाही.

रोमनसाठी शुद्ध बोदोनी घेऊ नये असे सुचवतो. तिच्या कोरड्या उभ्या रेषा बोरूच्या वळणाशेजारी परक्या वाटतात. बास्करव्हिलच्या काळातील वळणावर बेतलेला ‘प्लेफेअर डिस्प्ले’ जाड-बारीक आहे, पण त्याच्या अंगात लेखणीचा तिरकेपणा अजून शिल्लक आहे, म्हणून तो तिरोच्या शेजारी शोभेल. दोन्ही लिप्यांचा पॉइंट आकार समान ठेवण्याचा हट्ट मात्र धरू नका. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभे असते आणि देवनागरी शिरोरेषेला लटकते, त्यामुळे डोळ्यांना दोन्हींची जाडी आणि उंची सारखी वाटेपर्यंत रोमन लहान-मोठे करून पाहावे.

इंग्रजी नियतकालिकांतील मोठ्या लिपीतली, अक्षरांमध्ये अंतर सोडलेली शीर्षके मनात असतील, तर ती युक्ती येथे चालत नाही. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, आणि अक्षरांमध्ये अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. अंतर हवे तेथे ते शब्दांमध्ये आणि ओळींमध्ये वाढवा. दोन ओळींच्या शीर्षकात वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडत नाहीत ना, एवढे प्रत्येक शीर्षकासाठी स्वतंत्रपणे पाहावे लागेल; ‘किनाऱ्यावरचे’ आणि ‘पाहुणे’ हे शब्द दोन ओळींत तोडले, तर खालच्या ‘णे’ची मात्रा वरच्या ओळीच्या किती जवळ येते ते पाहूनच अंतर ठरवा. ‘शिलाहारांचे ठाणे’ला तेच अंतर लागेल असे नाही.

छपाई, वागळे इस्टेट

पीडीएफ देताना फाँट आत बसवून द्या, अक्षरांचे आउटलाइन करू नका; शेवटच्या क्षणी मुद्रितशोधनाची एखादी दुरुस्ती निघाली तर मजकूर जिवंत असलेला बरा. लेखारंभाच्या फर्म्याचे एक पान ठरलेल्या आर्ट पेपरवरच आधी काढून घ्या आणि त्यात ‘किनाऱ्यावरचे पाहुणे’ हेच शीर्षक ठेवा. लेझर प्रिंटवर मंजुरी देऊ नका. ६०० डीपीआयच्या लेझरवर ०.१ मिलिमीटरची रेष दोन-तीन ठिपक्यांची होते, प्लेटवर तीच नऊ-दहा ठिपक्यांनी काढली जाते, त्यामुळे तेथे दिसणारी जाडी खरी नसते.